कोपऱ्यातला ठिपका

बाईंच्या सत्काराचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या कर्तृत्वामुळे, असं मी घरी सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की बैठकीत संचालकांनी "मानचिन्ह काय द्यायचं?" असं विचारलं, तेव्हा सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते आणि माझा कप आधीच रिकामा झाला होता. रिकाम्या कपात माणूस किती वेळ बघणार? मी मान वर केली आणि थेट संचालकांशी नजरानजर झाली.

"बोला," संचालक म्हणाले.

मी बैठकीला असतो तो इतिवृत्त लिहायला. बोलणं हे माझं काम नव्हे. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "बाईंनी सोडवलेल्या पहिल्या रचनेची प्रतिकृती करून दिली तर? लाकडी गोळ्यांची."

खोलीत एकदम उत्साह पसरला. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की जो पसरतो, तो. "वा! तुम्हीच करा," संचालक म्हणाले, आणि तो ठराव मलाच इतिवृत्तात लिहावा लागला. स्वतःच्या अटकेचा पंचनामा स्वतःच लिहिण्याची वेळ फार थोड्यांवर येत असेल.

आता बाई म्हणजे कोण ते सांगायला हवं. बाई स्फटिकशास्त्रज्ञ. मिठाच्या दाण्यापासून औषधाच्या खड्यापर्यंत कुठलाही स्फटिक द्या, बाई त्यातून क्ष-किरण सोडणार, पलीकडच्या फिल्मवर ठिपके उमटणार आणि त्या ठिपक्यांवरून आत कुठला अणू कुठे बसलाय हे बाई सांगणार. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं आणि हेच शिकवलं. त्यांचे विद्यार्थी कुठे कुठे पोचले आहेत. एक जण मात्र फार लांब गेला नाही. तो त्याच संस्थेच्या तळमजल्यावर आवक-जावक विभागाचा अधीक्षक आहे. तो मी.

बाईंची शिकवण्याची एक तऱ्हा होती. त्या कुणाची चूक कधी दुरुस्त करत नसत. ज्या पानावर चूक असेल त्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक ठिपका ठेवायच्या आणि पान परत द्यायच्या. चूक कुठे आहे, केवढी आहे, हे विचारायची सोय नाही. आपण शोधायची, सुधारायची आणि मग ठिपका खोडायचा. आधी खोडायचा नाही. मोठमोठी मुलं त्या ठिपक्याला टरकून असत. एकाला म्हणे ताप आला होता.

शेवटच्या वर्षी मी एका स्फटिकाचं गणित मांडलं, त्याचे अकरा कागद होते. दहावा कागद ठिपका घेऊन परत आला. मी चार महिने चूक शोधली. मग घरच्यांनी डोळे वटारले म्हणून कार्यालयात तात्पुरती नोकरी धरली. त्या तात्पुरत्या नोकरीला यंदा एकतीस वर्षं झाली. कागद अजून माझ्या कपाटाच्या खणात आहे. बाई जिन्यात भेटल्या की एवढंच विचारतात, "सापडली?" आणि मी म्हणतो, "बघतोय, बाई." दोघांपैकी कुणीही हसत नाही.

तर प्रतिकृतीची कल्पना मला सुचली त्याचं मूळ हे असं. बाईंना आजवर तिरप्या कापलेल्या काचेची अकरा मानचिन्हं मिळाली आहेत आणि त्यातली चार त्या खिडक्या वाऱ्याने आपटू नयेत म्हणून वापरतात. मला बारावी काच द्यायची नव्हती. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, बाईंच्या समोर अशी वस्तू ठेवायची होती की त्यांनी ती चहूबाजूंनी बघावी आणि त्यांच्या पेन्सिलीला काही काम मिळू नये.

सुरुवात तर झकास झाली. संस्थेच्या ग्रंथालयात बाईंनी स्वतःचे सगळे जुने अंक देऊन टाकले आहेत. एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा, त्या पहिल्या रचनेचा शोधनिबंध ग्रंथपालांनी काढून दिला. तापावरच्या एका कडू सालीतलं औषधी द्रव्य, त्यातले अडतीस अणू, आणि प्रत्येक अणूपुढे तीन आकडे : डावी-उजवीकडे किती, मागे-पुढे किती, उंचीवर किती. बस, एवढं मिळालं की माणूस घर बांधू शकतो. पान मात्र फार मळलं होतं. ग्रंथालयाचा शिक्का, कुणाच्या तरी कपाचा गोल, पेन्सिलीच्या खुणा. झेरॉक्स स्वच्छ यावी म्हणून मी खिशातलं खोडरबर काढलं आणि पेन्सिलीचं जे जे दिसलं ते ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळुवार पुसून काढलं. ग्रंथपालांचे डोळे भरून आले.

"पुस्तकांची एवढी काळजी घेणारी माणसं आता राहिली नाहीत हो," ते म्हणाले.

मी नम्रपणे खोडरबराचा चुरा फुंकरला.

पुढचा मुक्काम खरेदी विभाग. तिथे बसतात त्या गृहस्थांना सगळी संस्था 'कलमे' म्हणते, कारण ते प्रत्येक वाक्याला नियमाचं कलम जोडतात. मी अर्ज पुढे ठेवला : लाकडी गोळे, अडतीस.

"वर्गवारी काय लावू?" कलमेंनी विचारलं. "फर्निचर म्हणू?"

"म्हणा."

"यावर बसता येतं? काही ठेवता येतं?"

"नाही."

"मग फर्निचर नाही. उपकरण?"

"उपकरण म्हणा की!"

"काय मोजतं?"

मी विचार केला. "काही मोजत नाही."

"काही दाखवतं? काटा, दिवा?"

"अहो, ते अणू कुठे बसलेत ते दाखवतं."

"ते तर तुम्हाला आधीच माहितीये," कलमे म्हणाले. "माहीत असलेलं दाखवायला उपकरण कशाला? खेळण्यात टाकू शकतो, पण संस्थेनं खेळणी घ्यायची तर बालसंगोपन केंद्र असावं लागतं."

तासाभराने मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात अर्ज होता, त्यावर पाच शेरे होते आणि गोळा एकही नव्हता. स्वाभिमान नावाची चीज माझ्याकडेही आहे. मी ठरवलं, हे आपण आपल्या हिमतीवर करायचं. असले निर्णय माणूस जिना उतरताना घेतो आणि नंतर घरच्यांना निस्तरावे लागतात.

गोळे करायला कातारी गाठला. तो कॉटचे पाय आणि जिन्याचे कठडे कातून देतो. तीन मापांचे अडतीस गोळे म्हटल्यावर त्याने विचारलं, "साहेब, एका कॉटला चारच लागतात. किती जण झोपणार आहेत?" मी त्याला स्फटिकशास्त्र समजावून सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाळीस करतो. दोन गोळे हरवतातच." ते पुढे खरं ठरलं, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

गोळे उंचीवर उभे करायला सायकलच्या आऱ्या उत्तम, हे मला विद्यार्थी असतानाच माहीत होतं. फळीवर आलेखाचा कागद चिकटवायचा, जागेवर भोक पाडायचं, मापाने कापलेली आरी उभी करायची आणि तिच्या टोकाला गोळा बसवायचा. सायकलवाल्याने अडतीस आऱ्या मोजून दिल्या आणि मागे डोकावून पाहिलं. "सायकल कुठाय?" "सायकल नाही." "मग आऱ्या?" "प्रत्येक वेगळ्या उंचीची कापून द्या." त्याने आऱ्या कापल्या, पण कापताना तो माझ्याकडे अशा काही मायेने बघत होता की मी घाईघाईने निघालो. निघताना तो म्हणाला, "घरी कोणी आहे ना सोबतीला?"

घरी होती. बायको. तिने जेवणाच्या टेबलावरची चार फुटी फळी पाहिली आणि विचारलं, "अहो, हे किती दिवस?"

"दोन दिवस."

आम्ही तीन आठवडे ओट्याशी उभं राहून जेवलो.

बातमी बाहेर पडायला वेळ लागला नाही. शेजारचे ओव्हरसियर साहेब सगळ्यात आधी आले. आयुष्यभर पूल बांधून ते निवृत्त झालेत आणि आता जे दिसेल ते कोसळेल की नाही हे बघत असतात. त्यांनी येताना ओळंबा आणला. "आरी ओळंब्यात नसेल तर वरचा गोळा जागेवर नाही," ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी सहाला ते ओळंबा, पोलादी टेप आणि स्वतःची खुर्ची घेऊन येऊ लागले. प्रत्येक गोळ्यापासून प्रत्येक गोळ्याचं अंतर त्यांनी मोजलं, निबंधातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं आणि वहीत सही केली. "मिलिमीटरचा फरक नाही. मी याच्यावरून ट्रक जाऊ देईन," ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या मावशींचं म्हणणं रंगाबद्दल होतं. कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, अशी सगळ्या जगाची रीत आहे. मावशींना ती मान्य नव्हती.

"इतके काळे कशाला? बाईंचा आनंदाचा दिवस आहे. थोडे गुलाबी करा."

"मावशी, कार्बन गुलाबी नसतो."

"तुम्ही पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता. कुणीच पाहिलेला नाही. हा मुद्दा बिनतोड होता, आणि माझ्या घरात, माझ्याच टेबलाशी, माझ्या विषयात मी हरलो. शेवटी एका कोपऱ्यातला एक कार्बन मी किंचित तपकिरी केला तेव्हा कुठे मावशी वर गेल्या.

त्या दिवसांत मला बाईंचा पहिला तास फार आठवायचा. बाई वर्गात लोकरी हातमोज्यांची जोडी घेऊन आल्या होत्या. मला पुढे बोलावून म्हणाल्या, "हा डावा मोजा उजव्या हातात घाला." आज्ञा झाली म्हटल्यावर मी जोर लावला आणि मोजा अंगठ्याशी टर्रकन उसवला. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "दोन्ही मोज्यांची मापं घ्या," त्या म्हणाल्या, "बोटं, अंगठा, मनगट, सगळं सारखं भरेल. तरी एक दुसऱ्याच्या जागी जाणार नाही. रेणूसुद्धा असे डावे-उजवे असतात. मापं बरोबर आली म्हणून हात बरोबर आहे असं समजू नका." वर्गातल्या सगळ्यांना यातलं शास्त्र लक्षात राहिलं. मला मात्र तो उसवलेला अंगठा तेवढा लक्षात राहिला.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी प्रतिकृती तयार झाली. खरंच सुंदर दिसत होती. फळीच्या एका बाजूने पाहिलं की सहा काळ्या गोळ्यांची ती कडी समोर यायची. ती कडी कुठे बसते हे शोधण्यात बाईंची दोन वर्षं गेली होती. बायकोसुद्धा हातातलं काम ठेवून बघत राहिली. "छान झालंय हो," ती म्हणाली. तीन आठवडे उभ्याने जेवलेल्या बाईने हे म्हणणं म्हणजे थोडं नव्हे.

आता फक्त बाईंच्या नावाची पितळी पाटी लावायची होती. ते काम ओव्हरसियर साहेबांनी मागून घेतलं. मी कपडे इस्त्रीला टाकून परत येईपर्यंत त्यांनी पाटी चार स्क्रू मारून आणि वर डिंक घालून पक्की बसवली होती. मागच्या बाजूला.

"ही पुढची बाजू आहे," ते ठामपणे म्हणाले.

"साहेब, कडी पलीकडून दिसते!"

त्यांनी वाकून पाहिलं, पलीकडे जाऊन पाहिलं, आणि मग पूल बांधणारी माणसं उद्घाटनाच्या दिवशी जसं बोलत असतील तसं बोलले, "पाटी आता निघणार नाही. फळी चिरेल." मग त्यांचे डोळे चमकले. "मागे आरसा लावा! पुढून पाटी दिसेल, आरशात कडी दिसेल. एका दगडी कमानीला आम्ही असंच केलं होतं." त्यांनी काय केलं होतं ते मी विचारलं नाही.

एवढा मोठा आरसा आमच्या घरात एकच होता. बायकोच्या कपाटाचा. तो तिच्या आईने दिलेला. मी तिच्याकडे बघितलं. तिने आरशाकडे बघितलं.

"एकच दिवस," मी म्हणालो.

"टेबलाचे दोन दिवस झाले, तसा एक का?" ती म्हणाली. पण स्क्रू-ड्रायव्हर तिनेच आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून आम्ही संस्थेच्या फाटकाशी पोचलो. मागे मी प्रतिकृतीला मिठी मारून बसलेलो, ओव्हरसियर साहेब आरशाला धरून, आणि बायको आमच्या दोघांवर लक्ष ठेवून. मी एकतीस वर्षं ज्या फाटकातून जातो तिथल्या पहारेकऱ्याने मला अडवलं. बाहेरून आत येणाऱ्या वस्तूला फॉर्म लागतो. तो फॉर्म मीच तयार केलेला आहे आणि खालची ओळ वाचल्याशिवाय सही करू नये अशी सूचनाही त्यावर मीच छापली आहे. समारंभाला वीस मिनिटं उरली होती. मी प्रतिकृती लिहिली, 'परत नेणार नाही' यावर खूण केली आणि सही ठोकली. पहारेकऱ्याने त्याच ओळीत शेजारी व्यवस्थित लिहून घेतलं : आरसा, एक.

सभागृह भरलं होतं. बाईंचे जुने विद्यार्थी लांबलांबून आले होते, आणि त्यातले बरेचसे बाईंपेक्षा म्हातारे दिसत होते. संचालकांचं भाषण झालं. त्यात 'आम्ही एक अभिनव कल्पना राबवली' असं वाक्य होतं. ते 'आम्ही' मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं, वाईट वाटून घेतलं नाही. मग कापड दूर केलं गेलं आणि टाळ्या पडल्या.

बाई उठल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, साध्या, ताठ. त्यांनी चष्मा पुसला आणि प्रतिकृतीच्या जवळ गेल्या. मी मंचाच्या कडेला वही घेऊन उभा होतो. बाईंनी एक बोट हवेत धरून अणू मोजल्यासारखे केले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. टाळ्या हळूहळू थांबल्या. बाई बघतच होत्या. मग त्यांनी पर्स उघडली आणि पेन्सिल काढली.

ती पेन्सिल सभागृहातल्या प्रत्येकाला ओळखीची होती. दीडशे माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बाई वाकल्या आणि फळीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक बारीक ठिपका ठेवला.

एकतीस वर्षं, तीन आठवडे, चाळीस गोळे, आणि शेवटी ठिपकाच. मला अगदी रडू येणार होतं, ते मी अधीक्षकपदाची आठवण ठेवून आवरलं.

बाई सरळ झाल्या आणि त्यांचं लक्ष आरशाकडे गेलं. त्या थबकल्या. एकदा आरशात, एकदा फळीवर, पुन्हा आरशात. आणि बाई हसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं.

"हा आरसा कुणी ठेवला?"

मघाशी 'आम्ही' म्हणणाऱ्या संचालकांनी तात्काळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"का ठेवला?"

काहीतरी भारदस्त सांगावं असं मनात आलं होतं. पण तोंडून खरंच निघालं. "पाटी उलट्या बाजूला लागली, बाई," मी म्हणालो.

"मग असं बघा," बाई म्हणाल्या. "फळीवरचं चूक आहे. आरशातलं बरोबर आहे. तुम्ही डाव्या हाताचा रेणू केलाय. असतो उजवा."

इथे मात्र माझा संयम संपला. माणसाला कुठेतरी बोलावंच लागतं. "बाई," मी म्हणालो, आणि आवाज थोडा चढलाच, "मी एकही आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. तुमच्याच तक्त्यावरून केलंय. अंतरं सगळी तपासली आहेत. हे ओव्हरसियर साहेब बसलेत, यांची सही आहे!"

"मिलिमीटरचा फरक नाही!" तिसऱ्या रांगेतून ओव्हरसियर साहेब उभे राहून म्हणाले.

"अंतरं बरोबरच येणार. मोज्यांची मापं सारखीच असतात, आठवतंय ना? तुम्ही एक उसवला होता." बाई माइककडे वळल्या. "यांची चूक नाही. तक्ताच चुकलाय. पहिला निबंध होता माझा. कुठल्या हाताचा रेणू आहे हे तेव्हा माझ्या मोजमापातून कळत नव्हतं, मी एक हात धरून छापून टाकला. वर्षभराने कळलं, दुसरा हात होता. दोन ओळींची दुरुस्ती छापली. ती कुणी वाचली नाही. मग मी माझ्या प्रतीवर त्या पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका ठेवला. तो माझा पहिला ठिपका. तुमच्या सगळ्यांच्या पानांवर ठेवले ते त्याच्यानंतरचे."

बाई माझ्याकडे वळल्या.

"ती प्रत ग्रंथालयात आहे. त्यावर ठिपका नव्हता का?"

खोटं बोलता आलं असतं. ग्रंथपाल दुसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"होता, बाई."

"मग?"

"मी खोडला."

"चूक न सापडता?"

"हो, बाई. झेरॉक्स स्वच्छ यावी म्हणून."

सगळं सभागृह हसलं म्हणजे काय, छत खाली यायचं बाकी राहिलं. बाई तर खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मी वहीत 'हशा' असा शब्द लिहिला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

हसणं ओसरल्यावर बाईंनी माइक जवळ ओढला. "मला आजवर अकरा काचा मिळाल्या," त्या म्हणाल्या. "देणाऱ्यांपैकी एकानेही माझा निबंध वाचलेला नव्हता. या माणसाने आकडा न् आकडा वाचला. इतक्या इमानाने वाचला की माझी चूकसुद्धा त्याच्या हातून सांडली नाही. माझ्या कामाचा याहून मोठा मान कुणी केलेला मला आठवत नाही." मग टाळ्या वाजायच्या आत त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, "आणि तो आरसा तिथून हलवायचा नाही. त्याच्याशिवाय ही रचना चुकीची आहे."

आधीच्या वाक्याला तिसऱ्या रांगेत माझ्या बायकोचा चेहरा अभिमानाने फुलला होता. पुढच्या वाक्याला तो जरा बदलला.

आरसा परत मिळवायला मी सगळे उपाय केले. कलमेंनी फाटकावरचा फॉर्म समोर ठेवला. परत नेणार नाही. सही माझी. शिवाय त्यांनी वस्तूची वर्गवारीही लावून टाकली होती : वैज्ञानिक उपकरण. "आता ते काहीतरी दाखवतं," ते समाधानाने म्हणाले. "नुसते गोळे असते तर मला अडचण होती." तेव्हापासून बायको वेणी घालायला वर मावशींकडे जाते आणि मी स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघून दाढी करतो. नवा आरसा घेऊ म्हटलं तर ती म्हणते, "आईने दिलेला तो आरसा. नवा नको." आणि पुढच्याच वाक्यात विचारते, "लोक बघतात का हो त्यात?" मी सांगतो, सभागृहात येणारे सगळे बघतात. हे तिला आवडतं, पण ती तसं म्हणत नाही.

समारंभाच्या दुसऱ्या आठवड्यात बाई जिन्यात भेटल्या. मी तयारीने "बघतोय, बाई" म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. "दर गुरुवारी संध्याकाळी घरी या," त्या म्हणाल्या. "माझे जुने कागद लावायचे आहेत. इमानाने वाचणारा माणूस हवाय. आणि तुमचा दहावा कागद घेऊन या. ते खोडरबरही आणा, पण खिशात ठेवा."

बाईंच्या घरी दोन टेबलं आहेत. एकाशी त्या बसतात, दुसऱ्याशी मी. पहिला एक तास त्यांचे कागद, मग एक तास माझा. त्या एका अक्षराने सुचवत नाहीत. चहा देतात. सहा गुरुवार असे गेले. सातव्या गुरुवारी मी माझ्या त्या वेळच्या फिल्मवरचे ठिपके भिंगातून पुन्हा मोजत होतो. कागदावर एकशे बारा लिहिलेले होते. मोजल्यावर एकशे अकरा भरले. पुन्हा मोजले. एकशे अकराच. कडेचा एक फिकट ठिपका मी बाविसाव्या वर्षी दोनदा मोजला होता. पुढचं सगळं गणित त्या एका ठिपक्याने कललं होतं.

आकडा सुधारला, खालच्या ओळी पुन्हा केल्या. बाईंनी समोरून चष्म्यावरून बघितलं.

"सापडली?"

"सापडली, बाई."

"मग काढा ते खोडरबर."

ठिपका एकतीस वर्षं जुना, सहजासहजी निघेना. निघाला. बाईंनी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागचीही बाजू पाहिली. पेन्सिल त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी तिला हात लावला नाही आणि कागद मला परत दिला.

मी घरी आलो तो जवळजवळ पळतच. बायको ओट्याशी होती. टेबल मोकळं होऊन दोन महिने झाले तरी आम्हाला अजून उभ्याने जेवायची सवय आहे. मी कागद तिच्यापुढे धरला. "हे बघ."

तिने हात पुसले, कागद दिव्याकडे नेला, खालचा कोपरा अंगठ्याने चाचपून पाहिला.

"काय बघू? इथे तर काहीच नाही."

"तेच बघ," मी म्हणालो.